ठसका आला न्हाय

माणूस कसा हाय ते मला त्याच्या चपला काढण्यावरनं कळतं. मल्लेश पहिल्या दिवशी आमच्या शेडात आला, तवा त्यानं चपला दाराबाहेर काढल्या न्हाईत. हातात धरून आत आणल्या आन भिंतीच्या कडंला ठिवल्या. मी तवाच मालकांना म्हणलं, "ह्या माणसाचा आपल्यावर इस्वास न्हाय. मग आपण त्याच्यावर कसा ठिवायचा?" मालक हसलं. म्हणलं, "कदी देवळात चोरीला गेल्या असतील गं. लगेच काय फौजदार हुतीस?"

मालक म्हंजे माजे यजमान, सयाजी. अक्कलकोट रस्त्याला आमचं टायर रिमोल्डिंगचं दुकान. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून द्यायचं, ह्येच काम त्यांनी जलमभर केलं. ज्या टायरवर आता काहीच चढत न्हाय, असली मेलेली टायरं दुकानाच्या मागं टाकायची. त्यांचा डोंगर झाला व्हता. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं आन सगळ्या गल्लीला डास आमीच पुरवायचो. शेजारपाजारचे शिव्या घालायचे, मी त्यांना डब्बल घालायची.

आन ह्या डोंगरात आमच्या ऋतुजाला बॅटरी दिसली. आमची एकुलती एक पोरगी. केमिस्ट्री शिकली, पुण्यात नोकरी केली आन एक दिवस बॅग घिऊन परत आली. म्हणली, "आई, टायर जाळायचं नाही. हवा लागू न देता भाजायचं. तेल वेगळं निघतं, खाली काळी पूड राहते. ती तेजाबानं, पाण्यानं नीट धुवायची, वाळवायची आणि परत तापवायची. मग ती चार्जिंगच्या बॅटरीत घालता येते." मी म्हणलं, "बाई, तुला कुणी फसवलं तर न्हाय? कुत्रं बी ज्याच्यावर तंगडी वर करून जातं त्याची बॅटरी?" म्हणली, "त्याचीच."

मला काय ते पटलं न्हाय. पण पोरगी घरात जेवत व्हती, घरात झोपत व्हती, मला तेवढंच बास व्हतं. ती पुण्यात असताना मला भाकरी गोड लागायची न्हाय. आन तिनं मला सरळ सांगितलं व्हतं, "पुण्याच्या बॅटरी कंपनीनं आपली पूड पास केली तर मी सोलापूरची. नाही केली तर मी परत नोकरीला." मग ती पूड पास व्हावी म्हणून मी काय काय केलं असंल, तुमीच समजा.

पहिला नमुना तिनं पुण्यातच वळखीच्या लॅबमधी केला, तो झटक्यात पास झाला. कंपनी म्हणली, आता तुमच्या सोताच्या शेडातला दाखवा. मग दुकानाच्या बाजूला शेड झालं, विजेची भट्टी आली, मल्लेश आला. आन तितनं पुढं एक बी नमुना पास हुईना! आता मला सांगा, संशय कुणावर घ्यायचा?

ऋतूला आधी बोअरच्या पाण्याचा संशय आला. आमच्या बोअरचं पाणी खारं, चहा बी नासतो. तिनं पुडीला शुद्ध पाणी वापरायला घेतलं. पुढचा नमुना आणखीनच वाईट निगाला. लॅबवाली बाई, संघप्रिया म्हणून ऋतूची मैत्रीण हाय, ती फोनवर म्हणली, "अगं, दर वेळी आधीच्यापेक्षा खराब कसा येतोय? सुधारायचं सोडून बिघडतंय." मी भाकरी थापता थापता ऐकलं आन माज्या मनात पाल चुकचुकली. आपोआप बिघडणारी वस्तू एकदाच बिघडती. दर खेपेला जास्त बिघडती म्हंजे कुणीतरी बिघडवतंय.

तो मल्लेश आधी गावाबाहेरच्या टायर भाजायच्या कारखान्यात व्हता. आमची टायरं तितं जायची आन तितली कच्ची पूड पोत्यांनी आमच्याकडं यायची. ऋतू पोती आणायला गेली तवा तिला ह्याचं काम नीटनेटकं वाटलं, म्हणून हिकडं बोलवलं. मी म्हणलं, "तितनं हितं आलेला माणूस उद्या हितनं तितं जाईल की. आन जाताना तुजी सगळी कला घिऊन जाईल." ऋतू म्हणली, "आई, चहा कर."

त्यात आणखी एक. तो पूर्व भागातल्या विणकरांच्या गल्लीतला, घरची बोली तेलुगू. दुपारी जेवण झालं की टायरांच्या डोंगरामागं जायचा आन हळू आवाजात फोनवर बोलायचा. मी एकदा वाळवण घालायच्या निमित्तानं डोंगराच्या अलीकडं उभी राहिले. एक अक्षर कळंना. मधीच 'मॅडम', मधीच 'पौडर', आन मधीच 'सोनाबाई'! माजं नाव घिऊन हसला बी. माज्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

रात्री मालकांना सांगितलं तर म्हणत्यात, "तुजं नाव घिऊन हसणारा तो काय पहिला हाय व्हय?"

भट्टी म्हणाल तर ती बी मला मनातनं पटली न्हवती. लोखंडाचं कपाट ते. जाळ न्हाय, धूर न्हाय, निखारा न्हाय. धुतलेल्या पुडीचं ट्रे आत ठिवायचं, दार लावायचं, बटण दाबायचं आन आकडं बगत बसायचं. तरी बी नवी वस्तू म्हणून मी तिच्यापुढं नारळ फोडला, हळदीकुंकू वाह्यलं, दारावर लिंबू-मिरची टांगली. ऋतू कपाळाला हात लावून बसली. पण नजर लागती हो! ऋतू बारावीला व्हती तवा सारखी आजारी पडायची. डागतर झालं, औषध झालं. शेवटी मी तिची दृष्ट काढली. मूठभर मिरच्या चुलीत जळल्या, पण घरात कुणालाच ठसका आला न्हाय. ठसका आला न्हाय म्हंजे नजर जबर, ह्ये बारक्या पोराला बी म्हाईत असतं. मी हटले न्हाय. ठसका यीस्तोवर रोज काढली, तवा कुटं पोरगी उठून बसली.

तर एक दिवस मल्लेश पोती उतरवत व्हता आन त्याची पिशवी खुंटीला व्हती. मी हात घातला. व्हय, घातला! माज्या पोरीचा संसार म्हंजे ती पूड, मी काय लाजत बसू? डब्याखाली एक पत्र्याची डबी सापडली. उगडली तर आत काळी पूड. मी तितनंच हाक मारली, "ऋतूऽ, हिकडं ये! सापडला तुजा चोर!"

सगळे गोळा झाले. मल्लेशचं तोंड पांढरं पडलं. म्हणला, "मावशी, मिशरी हाय ती. आईची. तिला चौकातल्या एकाच दुकानातली लागती, जाताना घिऊन जातो."

मालकांनी डबी नाकाला लावली आन शिंकले. "तंबाखू हाय की गं. चांगली खरपूस भाजलीया."

"वर मिशरी असंल," मी म्हणलं, "खाली काय हाय कुणाला म्हाईत?"

ऋतूनं माज्याकडं असं बगितलं की मी दुसरी कुणी असते तर गप बसले असते. "आई, पुरावा नसताना कुणाला असं बोलू नये."

"मग पुरावा घे की! त्या भट्टीवर कॅमेरा बसव. समद्या दुकानांत बसवल्यात. दूध का दूध, पाणी का पाणी हू दे."

ती आधी तयार न्हवती. पण मी अन्न सोडलं. म्हंजे तिच्यासमोर सोडलं. शेवटी तिनं कॅमेरा बसवला, मोबाईलवर दिसणारा, आवाज बी येणारा. आन मी तेवढ्यावर थांबले न्हाय. भट्टीची चावी मल्लेशकडं असायची, ती मागून घेतली आन माज्या कमरंला खोचली. म्हणलं, "आजपासनं ट्रे मी ठिवणार, दार मी लावणार. तू टायरं उचल." मिशरीची डबी बी मी ठिवून घेतली, पुरावा म्हणून.

त्यानं चावी दिली. मान खाली घालून टायरं उचलायला गेला. गप बसणाऱ्या माणसाचा तर मला जास्तच संशय येतो.

कंपनीनं निरोप दिला व्हता की आता हा शेवटचा नमुना, पुढं आमाला येळ न्हाय. ऋतूनं आदल्या दिवशी सगळी पूड निरखून धुतली, वाळवली. निम्मी भट्टीला दिली, निम्मी झाकून ठिवली. त्या दिवशी भट्टीजवळ मी चिमणी बी फिरकू दिली न्हाय. सगळं माज्या हातानं केलं, डोळ्यात तेल घालून. मल्लेश दारापतुर आला, तर मी तितनंच हाकलला. कंपनीला द्यायच्या आधी ऋतूनं त्यातली चिमूटभर संघप्रियाला तपासायला धाडली.

दुपारी फोन आला. आमी तिघं शेडात व्हतो, ऊन मी म्हणत व्हतं, वर पंखा गरगरत व्हता. ऋतूनं फोन सगळ्यांना ऐकू यील असा ठिवला. संघप्रिया म्हणली, "ऋतुजा, हे तर सगळ्यात खराब आहे. पण या वेळी मी नीट शोधलं. यात मीठ आहे. साधं, आपल्या खायचं मीठ. तुमच्या भट्टीत मीठ कुठून येतंय?"

ऋतू मटकन पोत्यावर बसली. "मीठ? इथं मीठ कुठून येईल?"

"त्याच्या डब्यातनं!" मी म्हणलं. "दुसरं कुटनं? बोलव त्याला. कॅमेरा हाय ना? त्याच्या तोंडावर लाव. मला त्याचं तोंड बगायचं हाय."

देवाशप्पथ सांगते, तवा बी माज्या ध्यानात आलं न्हवतं. कालवणातलं मीठ ते मीठ. दृष्टीचं मीठ, ते मीठ म्हणून कुणी हातात घेतं व्हय? ती दृष्ट असती.

मल्लेश टायरं टाकून आला, घामानं निथळत व्हता. ऋतूनं मोबाईल लाकडी पेटीवर उभा केला. मालक चष्मा लावून वाकले. मी सगळ्यात पुढं.

पडद्यावर भट्टी दिसली. मग हिरव्या पातळातली एक बाई आली. मी पयल्यांदा वळखलंच न्हाय, माणूस सोताची पाठ कुटं बगतो? बाईनं ट्रे आत सरकवलं. हिकडं तिकडं बगितलं. पदराची गाठ सोडली, मूठ भरली आन भट्टीवरनं ओवाळायला लागली. आवाज बी स्वच्छ आला, माजाच. "रस्त्यानं जाणाऱ्याची, शेजारणीची, कंपनीवाल्याची, आन त्या मल्ल्याची काळी नजर, जळू दे, राख हू दे, त्याचं डोळं फुटू दे." मग बाईनं ती मूठ भट्टीत, ट्रेच्या मागं सोडली. दुसरी मूठ भरली, ती बी सोडली. दार लावलं, भट्टीला हात जोडले आन कमरंला चावी खोचून निगून गेली.

ऋतूनं बोट लावून ते थांबवलं. जलमभर माजी चेष्टा करणारा माणूस चष्मा पुसत बसला.

"आई," ऋतू म्हणली, आन तिचा आवाज फाटला, "हे तू प्रत्येक घाण्याला करत होतीस?"

"आधी मल्लेश ट्रे ठिवून हात धुवायला गेला की टाकायची. जाळच न्हाय तिला, तर मी टाकू कुटं?" मी म्हणलं. "भट्टीची दृष्ट भट्टीतच टाकायची ना? आन दार लावलं की ठसका यायचाच न्हाय. दर खेपेला मला वाटायचं, नजर लई जबर हाय. मग पुढच्या खेपेला मी मूठ जरा मोठी घ्यायची…" आन बोलता बोलता माजं मलाच कळलं. दर खेपेला आधीच्यापेक्षा वाईट. माज्या मुठीएवढं वाईट.

"चूल नाही ती, आई! आत मीठ वितळतं, त्याची वाफ होते आणि सगळ्या पुडीवर बसते. मागच्या भिंतीला पांढरा थर दिसायचा, मला वाटायचं आतून लावलेल्या विटांचाच आहे."

मल्लेश म्हणला, "मी झाडताना मोहरी बगितली व्हती ताई, जळलेली. मला काय येगळं वाटलं न्हाय. आमच्या घरी बी करत्यात. म्हणलं, तुमाला म्हाईत असंल." मग तो माज्याकडं वळला. त्याच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण तो हळूच म्हणला, "मावशी, माज्या नजरंत तुमाला काय वाईट दिसलं, तेवढं सांगा."

लाजंनं माजे कान तापले. कमरंची चावी काढली, ती बी गाठीत अडकली, निघंना. शेवटी ऋतूनं सोडवली आन त्याच्या हातात दिली.

झाकून ठिवलेली निम्मी पूड व्हती, म्हणून वाचलो. त्या दोघांनी भट्टी रिकामीच तापवली, थंड केली, खरवडून पुसली, आन मग तो घाणा काढला. मी घरात बसून राहिले. मिठाची बरणी समोरच्या फळीवर व्हती, तिच्याकडं बगायची बी लाज वाटत व्हती. नमुना पुण्याला गेला आन पास झाला. ऋतू स्वयंपाकघराच्या दारात यिऊन म्हणली, "झाला पास," आन परत शेडात गेली. माज्या गळ्यात पडली न्हाय. पोरगी सोलापुरात राहिली, मला पायजे व्हतं ते झालं, आन मी एकटीच चुलीपाशी रडले.

मल्लेशनं मातूर तो घाणा काढला, चावी खिळ्याला अडकवली आन घरी गेला, तो परत आला न्हाय. ऋतूचा फोन उचलंना. ती म्हणली, "मी जाणार नाही. तू जा."

सकाळची रिक्षा केली आन गेले. गल्लीत एक-दोनच माग चालू व्हते, खडखड ऐकू येत व्हती. घर इचारत इचारत सापडलं. दारात चपला दिसल्या न्हाईत, आत डोकावले तर भिंतीच्या कडंला वळीनं मांडलेल्या, सगळ्या घराच्या. त्यांच्यात रीतच तशी. एवढ्या एका गोष्टीवरनं मी त्या माणसाला पहिल्या दिवशी तोललं व्हतं.

त्याची आई हेमावती पुढं आली. म्हातारी माज्याहून मोठी, दात मिशरीनं काळेभोर. तिनं पाटावर बसवलं, तांब्या दिला. मी पिशवीतनं ती पत्र्याची डबी काढून तिच्या हातात दिली. ती डबीकडं बगून खुश झाली, काहीतरी तेलुगूत बोलली. मल्लेश म्हणला, "हरवली म्हणून सांगितलं व्हतं मी तिला." म्हंजे त्यानं घरी माजं नाव सांगितलंच न्हवतं.

"बाबा," मी म्हणलं, "माजं चुकलं. लई चुकलं. तुज्या नजरंत काय बी न्हाय. उद्यापासनं ये. मी शेडात पाऊल टाकणार न्हाय." मग राहवलंच न्हाय, इचारलं, "तू फोनवर माजं नाव घिऊन का हसायचास रे?"

"आईशी बोलायचो," तो म्हणला. "तुमी मला येताजाता बोलायचा, तसंच ही बी मला बोलती. तिला म्हणायचो, तितं बी एक तूच हाईस, नाव तेवढं सोनाबाई." मग म्हणला, "येतो उद्या, मावशी. ताईंनी इस्वास ठिवला व्हता."

मला रिक्षापतुर सोडायचं म्हणून तो सदरा घालायला उठला तशी म्हातारीनं त्याचा हात धरला. "आगु," म्हणली. म्हंजे थांब, एवढं सोलापुरात राहून मला कळतं. ती आत गेली आन मूठ भरून आली. पोराला उंबऱ्याकडं तोंड करून बसवलं आन त्याच्यावरनं ओवाळायला लागली. तोंडानं तेलुगूत पुटपुटत व्हती. शब्द मला कळत न्हवते, पण कळायचं काय राहिलं व्हतं त्यात? पोरगं आठवडाभर नीट जेवंना, झोपंना, कुणाची तरी नजर लागली माज्या लेकराला. माज्याकडं बगून मायेनं हसली बी, आपल्यातलीच एक बाई बसली हाय, हिला सगळं समजतं, असं.

शेगडीत निखारे चांगले फुललेले व्हते. तिनं मूठ त्यात सोडली. मीठ तडतडलं, मोहरी उडाली, मिरच्या काळ्या पडून वळल्या. धूर घरभर झाला. आमी तिघं बी वाट बगत राहिलो.

ठसका कुणालाच आला न्हाय.

म्हातारीचं हसू गेलं. ती निखाऱ्याकडं बगत राहिली, मग लेकाकडं, मग दाराबाहेर, गल्लीत, कुणाची असंल ती म्हणून. मल्लेशनं मान खाली घातली. मी तोंडाला पदर लावला आन खोकायला बगितलं. खोटं तर खोटं, एकदा तरी. घसा कोरडा पडला व्हता, आवाजच फुटला न्हाय.